मालनताईंचा चौथा फोटो

घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध छायाचित्रकार होते आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली एक शिष्या होती. वृद्धांचे नाव दामोदर पेणसे, पण ते नाव फक्त दुकानाच्या पाटीला ठाऊक होते. सारे गाव त्यांना मास्तर म्हणत असे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवले नव्हते. मात्र ‘मान जरा खाली, खांदे सैल, श्वास सोडा’ हे ते ज्या सुरात सांगत त्या सुराला गावातला पहिलवानही निमूट मान खाली घालत असे, म्हणून ते मास्तर.

तुम्ही म्हणाल, फोटो काढायला कसला गुरू आणि कसली शिष्या? खिशातून फोन काढला, बोट टेकवले, झाला फोटो. असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्या ओळखपत्रावरचा फोटो पाहतो आणि गप्प बसतो.

शिष्येचे नाव शलाका. पुण्याला जाऊन ती संगणकावरचे फोटोचे काम शिकून आली होती आणि गेली आठ वर्षे मास्तरांजवळ होती. आता दुकान तीच चालवत असे. मास्तर सकाळी दहाला येत, दाराशी वेताच्या खुर्चीत बसत आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानाकडून वाचायला घेत. लग्नाचे फोटो कमी झाले होते, पासपोर्टचे फोटोही कमी झाले होते. पण एक नवेच गिऱ्हाईक वाढले होते. कुणाला नोकरीच्या संकेतस्थळावर टाकायला, कुणाला घरबसल्या शिकवण्या घेण्यासाठी, कुणाला वधूवर मंडळासाठी ‘प्रोफाइलचा फोटो’ हवा असे. अशा फोटोंत शलाकाचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. मुरमे जात, सुरकुत्या जात, टकलावर केस येत, मागची ओल आलेली भिंत जाऊन तिथे काचेचे कार्यालय उभे राही. ‘शलाकाकडे जा आणि दहा वर्षांनी लहान होऊन ये’ असे लोक थट्टेने म्हणत. तिला ती थट्टा आवडे. मास्तर मात्र या कामाबद्दल कधी चांगले बोलत नसत आणि वाईटही बोलत नसत. ते तिला मनातून लागे.

एका दुपारी मालनताई जगदाळे दुकानाची पायरी चढून आल्या. बावन्न वर्षांच्या, अंगाने किडकिडीत, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. दोन्ही गालांवर वांगाचे काळसर डाग पसरलेले आणि डाव्या भुवईतून गेलेली एक जुनी खूण. तापाच्या भरात एका रुग्णाने फेकलेला स्टीलचा पेला तिथे लागला होता. गावातल्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात त्यांनी बावीस वर्षे मावशी म्हणून रुग्णांचे केले होते. डॉक्टर थकले, दवाखान्याला कुलूप लागले आणि मालनताई घरी बसल्या. आता पुण्याची एक संस्था घरोघरी आजाऱ्यांची सेवा करायला माणसे पाठवत असे. भाचीने त्यांचे नाव संस्थेच्या संकेतस्थळावर घातले होते. सगळी माहिती भरून झाली होती. अडले होते ते एका फोटोवर.

“दोन वेळा परत आला गं,” त्यांनी फोन पुढे केला. “स्वच्छ आणि व्यावसायिक दिसणारा फोटो पाठवा म्हणतात. म्हणजे कसला?”

शलाकाने पाहिले. पहिला फोटो मालनताईंनी स्वतःच हात लांब करून काढला होता. त्यात अर्धा चेहरा होता आणि अर्धे कालनिर्णय होते. दुसरा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढला होता. चेहरा पूर्ण होता, पण खांद्यावर एक अनोळखी हात राहून गेला होता, बोटात अंगठी घातलेला.

“हा हात कुणाचा?”

“भावाच्या विहिणीचा. तो काही केल्या निघेना.” मालनताई हसल्या. मग खुर्चीच्या कडेवर बसून हळूच म्हणाल्या, “पोरी, एवढं काम माझं कर. इथं नाव लागलं नाही तर मला भावाकडे राहायला जावं लागेल. भाऊ चांगला आहे, वहिनीही चांगली आहे. पण तीस वर्षं मी माझ्या चुलीवर माझा चहा करून पितेय.”

शलाकाला त्यांनी हे सांगायचीही गरज नव्हती. तिचे वडील त्या दवाखान्यात एकोणीस दिवस होते आणि तिथून घरी परत आले नाहीत. त्या एकोणीस दिवसांत त्यांचे सगळे मालनताईंनी केले होते. त्या दिवसांत शलाका औषधे आणायला, डबा आणायला, डॉक्टरांच्या मागे मागे धावायला बाहेर असायची आणि वडिलांजवळ असायच्या त्या मालनताई. त्यांच्यासाठी काहीतरी करता यावे असे तिला पाच वर्षे वाटत होते. ती वेळ आज आपल्या पायाने चालत आली होती.

मास्तर त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे साताऱ्याला गेले होते. शलाकाने दुकानाचे दार लोटले आणि कामाला लागली. खुंटीवर मास्तरांच्या काळापासून एक काळा कोट होता. गावातल्या निम्म्या पुरुषांचे फोटो त्या एकाच कोटात निघालेले होते. बायकांसाठी शलाकाने तसाच एक राखाडी कोट शिवून आणला होता. तो तिने मालनताईंना घातला, केस चापून बसवले, चष्मा काढून ठेवायला सांगितला आणि चांगले चाळीस-पन्नास फोटो काढले. मग त्यातला एक निवडून ती संगणकासमोर बसली. वांगाचे डाग तिने एक एक करून पुसले. भुवईतली खूण बुजवली. डोळ्यांखालची काळी वर्तुळे घालवली, गळ्याच्या सुरकुत्या सपाट केल्या, मागे एका मोठ्या रुग्णालयाचा उजळ व्हरांडा आणून बसवला. इतक्या मायेने तिने कुणाचेच काम केले नव्हते.

मालनताई त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“ही मी?”

“तुम्हीच.”

“छान आहे गं,” त्या म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या.

संस्थेने तो फोटो तासाभरात पसंत केला. चार दिवसांत पुण्याहून बोलावणेही आले. एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजी होत्या, त्यांच्याजवळ राहायचे होते. मालनताई शेजारणीकडे किल्ली देऊन पहाटेच्या एसटीने गेल्या आणि शलाकाने देवाला साखर ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालनताई पुन्हा दुकानात उभ्या होत्या, हातात तीच बॅग घेऊन. मास्तर त्याच सकाळी साताऱ्याहून परतले होते आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून आपल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. मालनताई स्टँडवर उतरून घरी न जाता थेट इथे आल्या होत्या.

झाले होते ते असे. सोसायटीच्या फाटकावरच पहारेकऱ्याने फोनमधला फोटो आणि समोरची बाई तीनतीनदा ताडून पाहिली होती. कसेबसे वर सोडले. वर घरच्या सूनबाईंनी दार उघडले, हातात तोच फोटो. त्यांनीही वर पाहिले, खाली पाहिले. ‘या तुम्ही नव्हेत,’ असे त्या म्हणाल्या. मालनताईंनी ओळखपत्र काढले, नाव सांगितले, गाव सांगितले. पण त्या बाई घाबरल्या होत्या. घरात म्हातारे, अंथरुणाला खिळलेले माणूस आणि दारात फोटोतली नसलेली अनोळखी बाई. आतून आजींचा आवाज येत होता, ‘कोण आलंय गं?’ त्याला कुणी उत्तर दिले नाही. ‘संस्थेने एकीला दाखवलं आणि दुसरीला पाठवलं’ असे म्हणून सूनबाईंनी हात जोडले आणि दार लावून घेतले. संस्थेनेही मालनताईंनाच फैलावर घेतले. चार दिवसांत खरा फोटो द्या, नाहीतर नाव कमी करतो, असे सांगितले.

मालनताईंनी हे सगळे सांगितले ते तक्रारीच्या सुरात नव्हे. बसची वेळ सांगावी तसे सांगितले. शेवटी शलाकाचा चेहरा उतरलेला पाहून त्या घाईघाईने म्हणाल्या, “तू नको गं मनाला लावून घेऊ. फोटो चांगलाच होता. मीच तेवढी चांगली निघाले नाही.”

ज्या बाईंसाठी काहीतरी चांगले करायचे म्हणून तिने जीव ओतला, त्या बाई आज स्वतःच्या चेहऱ्याला कमी लेखत उभ्या होत्या आणि ते तिच्याच हाताने झाले होते. ती मास्तरांकडे वळली.

“मास्तर, चुकलंच माझं. जास्तच साफ झाला. आता असं करते, निम्मे डाग ठेवते. खूण थोडी पुसट ठेवते.”

“म्हणजे पुण्याला निम्म्या मालनताई पाठवायच्या?” मास्तरांनी विचारले.

मास्तर खुर्चीतून उठले. आता ते कॅमेऱ्याला हात लावतील, दिवे सरकवतील असे तिला वाटले. त्यांनी तसे काहीच केले नाही. भिंतीशी एक लांब बाक होता, घरभर माणसांचे फोटो काढताना मधल्या रांगेला बसायला. मास्तरांनी त्यावरची धूळ झटकली आणि शलाकाला म्हणाले, “यावर आडवी हो.”

“मी?”

“तूच. चांगली उताणी झोप. डोळे मीट.”

समोर मालनताई, उघडे दार, रस्त्यावरून माणसे चाललेली. शलाकाला लाज वाटली. ऑपरेशनने मास्तरांच्या डोळ्यांबरोबर आणखी कशावर परिणाम झाला की काय, अशीही शंका तिच्या मनात येऊन गेली. पण आठ वर्षांत तिने त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. ती बाकावर आडवी झाली.

“मालनताई,” मास्तर म्हणाले, “ही पोरगी आजारी आहे असं समजा. दवाखान्यातली तुमची ड्युटी आत्ताच सुरू झालीय. तुम्ही काय करता ते करा.”

मालनताईंनी एका शब्दाने का म्हणून विचारले नाही. त्यांनी बॅग खाली ठेवली, कोपऱ्यातल्या माठातले पाणी घेऊन हात धुतले, चष्मा पुसला आणि बाकाशी आल्या. शलाकाच्या तोंडावर उन्हाची तिरीप येत होती, ती अडवून उभ्या राहिल्या. कपाळाला हात लावला. मग खाली वाकून विचारले, “झोप लागली का रात्री?”

शलाकाने डोळे उघडले.

तिच्या अगदी वर मालनताईंचा चेहरा होता. प्रश्न विचारून झाला होता आणि त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. घाई नव्हती. हसूही नव्हते, पण पुढच्या माणसाने काहीही सांगितले तरी ते ऐकून घेतले जाईल असे त्या चेहऱ्याकडे पाहून कळत होते. गालांवरचे डाग होते, भुवईतली खूण होती, जाड काचांमागे मोठे दिसणारे डोळे होते.

आणि शलाकाला कळले की आपले वडील एकोणीस दिवस हाच चेहरा पाहत होते. ती दवाखान्यात दाराशी उभी राहून मालनताईंना पाहत असे, पाठमोऱ्या, नाहीतर एका बाजूने. खाटेवरून त्या कशा दिसतात ते तिने कधीच पाहिले नव्हते. वडिलांना शेवटी फार एकटे वाटले असेल का, हा प्रश्न तिला पाच वर्षे सतावत होता. त्याचे उत्तर तिच्यावर वाकून उभे होते.

तिला रडू फुटले. मालनताईंनी पदर पुढे केला.

“उठ आता,” थोड्या वेळाने मास्तर म्हणाले. “डाग दिसले?”

“दिसले.”

“मग?”

“ते आहेत म्हणूनच तर त्या मालनताई आहेत, मास्तर.”

मास्तर बाकाच्या टोकाला बसले आणि सावकाश बोलू लागले.

“शलाका, तू हे मायेने केलंस, हे मला ठाऊक आहे. मीही एकदा असंच मायेने केलं होतं. तेव्हा लॉकेटमध्ये बसवायचे फोटो करायची पद्धत होती, नखाएवढे. त्यात माझा हातखंडा होता. एक तरणीताठी बाई आली. नवरा नुकताच गेला होता. त्याचा एकच फोटो निघाला होता, मीच काढलेला. छापलेली प्रत उरली नव्हती, निगेटिव्ह तेवढी माझ्याजवळ होती. त्या गृहस्थाच्या तोंडावर देवीचे व्रण होते. मला वाटलं, हिच्या गळ्यात राहायचा आहे तर सुरेख असू दे. पेन्सिल चालवली, पातं चालवलं, सगळे व्रण घालवले. तिनं लॉकेट घरी नेलं, उघडून पाहिलं आणि परत आली. म्हणाली, ‘फोटो फार छान आहे, पण हे कोण?’ पात्यानं खरवडलेली निगेटिव्ह परत होत नाही. त्या बाईजवळ नवऱ्याचा चेहरा म्हणून जेवढा उरला होता तेवढा मी पुसून टाकला.”

मास्तर पुढे म्हणाले, “आपला चेहरा आपण जन्मात एकदाही पाहू शकत नाही. आरशात दिसतं ते उलटं. चेहरा असतो तो समोरच्यासाठी. मग त्याचा फोटो काढताना समोरचा कोण, हे आधी विचारायला नको? तू मालनताईंना कशा दिसायला आवडेल ते पाहिलंस. पण तो फोटो बघणारं माणूस खाटेवर पडलंय, नाहीतर खाटेशेजारी काळजीत बसलंय. त्याला सुंदर बाई नको आहे. दार उघडल्यावर तीच बाई हवी आहे. संस्था म्हणते फोटो स्वच्छ हवा. बरोबरच आहे. पाहणारा आणि चेहरा यांच्यामध्ये जे जे येतं ते सगळं स्वच्छ कर. चेहरा स्वच्छच आहे.”

एवढे बोलून त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि कॅमेऱ्याची काच पुसायला शलाकाच्या हातात दिला.

मग त्या तिघांनी मिळून जे काही केले ते पाहून रस्त्यावरच्या माणसाला वाटले असते की या दुकानात दिवाळीची साफसफाई निघाली आहे. शलाकाने कॅमेऱ्याची काच पुसली, खिडकीची तावदाने पुसली, पांढरी भिंत ओल्या फडक्याने पुसली, भिंतीवरचा खिळासुद्धा उपटला. मागचा व्हरांडा रद्द झाला. राखाडी कोट खुंटीवर गेला. मालनताईंनी बॅगेतून फिकट निळे सुती लुगडे काढले, दवाखान्यात रोज नेसायचे, इस्त्रीची घडी न मोडलेले. नव्या घरी पहिल्या दिवशी नेसायचे म्हणून नेले होते आणि तसेच परत आणले होते. आतल्या खोलीत जाऊन ते नेसून आल्या तेव्हा त्यांची चालही बदलली होती. स्टूल भिंतीपासून दोन हात पुढे घेतले, म्हणजे मागे सावली पडू नये. चष्मा राहू दिला. फक्त काड्या कानांवरून केसभर वर उचलल्या, तेवढ्याने काचेवरची चमक गेली आणि डोळे मोकळे दिसू लागले.

“आता फोटो कधी काढायचा ते सांग,” मास्तर म्हणाले.

“हसल्या की?”

“हसायला सांगितलं की माणूस दात दाखवतं. मघाशी तू काय पाहिलंस?”

शलाकाला समजले. तिने कॅमेरा मालनताईंच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला, बोट कळीवर ठेवले आणि म्हणाली, “मालनताई, मला विचारा ना.”

“काय विचारू?”

“रोज सकाळी विचारायच्या ते.”

मालनताई थोड्या पुढे झुकल्या आणि त्यांनी विचारले, “झोप लागली का?” आणि उत्तरासाठी थांबल्या.

शलाकाने कळ दाबली. मग खरे ते सांगितले, “नाही लागली. पण आज लागेल.”

त्या दिवशी तिने एकच फोटो काढला. संगणकावर तो उघडल्यावर तिचा हात सवयीने पुसायच्या खुणेकडे गेला आणि थांबला. मालनताईंच्या हनुवटीवर एक लाल गांधी उठली होती, पुण्याच्या स्टँडवर डास चावला होता.

“ही काढू का?”

“काढ की,” मास्तर म्हणाले. “आठ दिवसांत जी आपोआप जाणार ती आज गेली तर बिघडत नाही. माणसाबरोबर जे म्हातारं होणार आहे त्याला हात लावायचा नाही.”

गांधी गेली. खांद्यावर एक सुटा दोरा होता, तोही गेला. बाकी चेहरा आहे तसा राहिला. शेवटी मास्तरांनी तो फोटो शर्टाच्या गुंडीएवढा छापायला लावला, समोरच्या भिंतीला चिकटवला आणि शलाकाला दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभे केले. फोनवर हल्ली माणसे एवढीच दिसतात, एका वाटोळ्यात, शंभर जणांच्या यादीत. एवढ्या लहान आकारातही ओळखू आल्या पाहिजेत. तिथूनही मालनताई ओळखू येत होत्या. भुवईतली ती खूणसुद्धा दिसत होती.

संस्थेने फोटो ठेवून घेतला. दोन दिवस गेले, तीन गेले. शलाका येता-जाता फोनकडे पाही. पाचव्या दिवशी मालनताई हातात बॅग घेऊन दुकानावरून गेल्या, लांबूनच ‘येते गं’ म्हणाल्या आणि एसटी चुकेल म्हणून थांबल्या नाहीत. कुठल्या घरी चालल्या, तेही सांगितले नाही.

दहा-बारा दिवसांनी भर दुपारी त्यांचा फोन आला.

“कुठे आहे मी, ओळख,” त्या म्हणाल्या. “त्याच घरी.”

सूनबाईंना आजींसाठी दुसरे कोणी मिळाले नव्हते. पुन्हा यादी चाळताना त्यांना नवा फोटो दिसला आणि त्या चरकल्या. दारात उभी असलेली, आपण जिला परत पाठवले ती बाई हीच, हे त्यांनी बघताक्षणी ओळखले. ‘आम्ही ज्यांना घरात घेतले नाही त्या याच असतील तर आम्हाला त्याच हव्यात’ असे त्यांनी संस्थेला कळवले. मालनताईंना आणायला त्या स्वतः स्टँडवर आल्या आणि वाटेत दोनदा माफी मागून झाली. आजी मात्र सरळ म्हणाल्या, ‘त्या दिवशी दारात तुमचा आवाज ऐकला होता मी. बाई चांगली वाटली होती.’

“आता माझी इथंच सोय झालीय,” मालनताई म्हणाल्या. “महिन्यातून चार दिवस गावाकडे यायला मिळतात. माझं घर, माझी चूल, सगळं जागच्या जागी आहे. तुझे उपकार झाले गं पोरी.”

फोन ठेवल्यावर शलाकाला काय करू आणि काय नको असे झाले. ती दाराशी गेली. मास्तर वर्तमानपत्राच्या मधल्या पानापर्यंत आले होते. तिने सगळी हकिकत सांगितली आणि त्यांच्या पायांना हात लावला.

“मास्तर, हे तुमच्यामुळं झालं.”

मास्तरांनी पाय आखडून घेतले. मग काळा चष्मा काढून त्यांनी डोळे टिपले, ऑपरेशन झालेला आणि न झालेला, दोन्ही.

“माझ्यामुळं नव्हे. मला शिकवलं ते त्या लॉकेटवाल्या बाईनं,” ते म्हणाले. “फोटो न आवडूनही ती गुपचूप घरी बसली असती, तर मी जन्मभर चेहरे खरवडत बसलो असतो. ती परत आली, म्हणाली हे कोण, म्हणून मी शिकलो. मी तिची माफी मागितली, पण तिचे आभार मानायचं तेव्हा सुचलं नाही. सुचलं तोवर ती गाव सोडून गेली होती. पन्नास वर्षं झाली.”

ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. शलाका तिथेच उभी होती. तिच्या मनात आले, आपल्याला पन्नास वर्षे थांबायचे कारण नाही. तिने आत जाऊन फोन उचलला.

“मालनताई, मघाशी तुम्ही माझे आभार मानलेत. मी तुमचे मानायचे राहून गेले.”

“तू कसले मानतेस? मी काय केलं?”

“त्या घरातून परत पाठवल्यावर तुम्ही निमूट घरी जाऊन बसला नाहीत. बॅग घेऊन सरळ माझ्याकडे आलात. त्याचे.”

पलीकडे मालनताई थोड्या गोंधळल्या. शलाका कशाबद्दल बोलते आहे तेच त्यांना उमगेना.

“अगं, फोटो तू काढलेला,” त्या म्हणाल्या. “मग दुसऱ्या कुणाकडे जाणार होते मी?”